स्टेरॉइड संप्रेरके आणि हृदयस्नायू पेशींची वाढ : एक विवेचन

गोषवारा

मानवी हृदयाचे स्नायू आयुष्यभर अखंड कार्यरत असतात. परंतु प्रौढ वयात त्यांतील पेशींचे विभाजन अत्यल्प प्रमाणात होते. त्यामुळे हृदयावर अधिक भार आला असता पेशींची संख्या फारशी वाढत नाही, त्यांचे आकारमान वाढते. या वाढीवर स्टेरॉइड वर्गातील संप्रेरकांचा लक्षणीय प्रभाव पडतो. अल्डोस्टेरॉन, कॉर्टिसोल, टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन या चार संप्रेरकांचा हृदयस्नायू पेशींच्या वाढीशी असलेला संबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे. संप्रेरक कोणत्या ग्राही प्रथिनाशी, किती मात्रेत आणि आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर संयोग पावते, यावर त्याचा परिणाम हितकर की अहितकर हे ठरते, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : स्टेरॉइड संप्रेरके, हृदयस्नायू पेशी, अतिवृद्धी, ग्राही प्रथिन, तंतुमयता.

प्रस्तावना

प्रौढ माणसाचे हृदय सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे असते आणि ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्वचा, रक्त किंवा आतड्याचे अस्तर यांतील पेशी सतत नव्याने तयार होत असतात. हृदयस्नायू पेशींना ही सोय जवळजवळ नाही. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००९ साली यासंबंधी एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शीतयुद्धाच्या काळात, १९६३ च्या करारापूर्वी, वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ या समस्थानिकाचे प्रमाण वाढले होते व पुढे ते घटत गेले. पेशीच्या डीएनएमध्ये हा कार्बन कोणत्या प्रमाणात आहे यावरून त्या पेशीचा जन्मकाळ काढता येतो. या पद्धतीने असे आढळले की वयाच्या पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का हृदयस्नायू पेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यांपर्यंत खाली येते. म्हणजेच सामान्य आयुर्मानात निम्म्याहून कमी पेशी बदलल्या जातात.

या वस्तुस्थितीमुळे हृदयस्नायू पेशींच्या वाढीच्या प्रश्नाला वेगळेच महत्त्व प्राप्त होते. जी पेशी सहजासहजी पुन्हा मिळणार नाही, तिची वाढ कोण घडवून आणते व ती वाढ कोणत्या दिशेने जाते, हे समजून घेणे आवश्यक ठरते. रक्तदाब, व्यायाम, आनुवंशिकता यांच्याबरोबरच शरीरातील स्टेरॉइड संप्रेरके ही या वाढीची महत्त्वाची नियंत्रके आहेत.

१. हृदयस्नायू पेशीची वाढ म्हणजे काय?

ऊतीची वाढ दोन प्रकारे होऊ शकते. पेशींची संख्या वाढणे ही संख्यावृद्धी होय, तर प्रत्येक पेशीचे आकारमान वाढणे ही अतिवृद्धी होय. गर्भावस्थेत हृदयाची वाढ प्रामुख्याने संख्यावृद्धीने होते. जन्मानंतर मात्र पेशी विभाजन थांबवतात आणि त्यानंतरची वाढ मुख्यतः अतिवृद्धीने होते.

हृदयस्नायू पेशीच्या आत सार्कोमिअर नावाची सूक्ष्म आकुंचन एकके एकापुढे एक रचलेली असतात. प्रत्येक एकक सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीचे असते. उच्च रक्तदाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते तेव्हा नवी एकके जुन्यांच्या शेजारी समांतर रचली जातात. पेशी जाड होते आणि हृदयाची भिंतही जाड होते. याउलट हृदयात परत येणाऱ्या रक्ताचे आकारमान वाढल्यास नवी एकके टोकाला जोडली जातात. पेशी लांब होते आणि हृदयाचा कप्पा मोठा होतो. भिंतीवरील ताण हा कप्प्यातील दाब व त्रिज्या यांच्या सम प्रमाणात आणि भिंतीच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा लाप्लासचा नियम येथे लागू पडतो. भिंत जाड झाली की ताण कमी होतो. या अर्थाने अतिवृद्धी ही आरंभी हृदयाची स्वसंरक्षणाची प्रतिक्रिया असते.

परंतु सर्वच अतिवृद्धी एकसारखी नसते. नियमित धावणाऱ्या व्यक्तीच्या किंवा गरोदर स्त्रीच्या हृदयाची वाढ ही स्वाभाविक अतिवृद्धी होय. तिच्यात पेशींबरोबर केशवाहिन्याही वाढतात, हृदयाचे कार्य अबाधित राहते आणि कारण दूर झाल्यावर हृदय बहुतांशी पूर्वस्थितीला येते. विकृतिजन्य अतिवृद्धीत मात्र पेशी वाढतात, पण रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा थर साचतो, भिंत ताठर होते आणि कालांतराने हृदय अकार्यक्षम होते. बाहेरून पाहता दोन्ही हृदये मोठीच दिसतात. भेद असतो तो पेशीच्या पातळीवर. स्टेरॉइड संप्रेरकांचा विचार करताना हा भेद सतत लक्षात ठेवावा लागतो.

२. स्टेरॉइड संप्रेरकांची कार्यपद्धती

सर्व स्टेरॉइड संप्रेरके कोलेस्टेरॉलपासून तयार होतात आणि त्यांच्या रेणूत कार्बनची चार वलये परस्परांना जोडलेली असतात. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्य भागात अल्डोस्टेरॉन व कॉर्टिसोल तयार होतात. वृषणांत टेस्टोस्टेरॉन, तर अंडाशयांत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन तयार होतात. अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांवरील संशोधनासाठी केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे रेणू मेदात विरघळणारे असल्यामुळे पेशीपटल ओलांडून सहज आत शिरतात. आत त्यांची विशिष्ट ग्राही प्रथिने असतात. संप्रेरक आणि ग्राही प्रथिन यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते. संयोग झाल्यावर ही जोडी केंद्रकात डीएनएच्या ठराविक भागावर बसते आणि काही जनुके कार्यान्वित करते, तर काही थांबवते. परिणामी पेशीत कोणती प्रथिने किती तयार व्हावीत हे बदलते. वाढ म्हणजे अखेर प्रथिनांचीच भर असल्यामुळे या बदलाचा परिणाम पेशीच्या आकारमानावर होतो. कॉर्टिसोलच्या ग्राही प्रथिनाचे जनुक १९८५ साली आणि अल्डोस्टेरॉनच्या ग्राही प्रथिनाचे जनुक १९८७ साली अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे केले. ही दोन्ही प्रथिने परस्परांशी बरेच साम्य असलेली आहेत, हे तेव्हा स्पष्ट झाले. या साम्याचे महत्त्व पुढील विवेचनात येईल.

३. अल्डोस्टेरॉन : मीठ आणि तंतुमयता

अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सिम्पसन, टेट आणि राइखश्टाइन यांच्या गटांनी १९५३ साली शुद्ध स्वरूपात मिळवले. मूत्रपिंडात सोडियम राखून ठेवणे व पोटॅशियम बाहेर टाकणे हे त्याचे मुख्य कार्य होय. १९५५ साली जेरोम कॉन यांनी अधिवृक्क ग्रंथीतील गाठीमुळे अल्डोस्टेरॉन अतिरिक्त प्रमाणात स्रवणाऱ्या विकाराचे वर्णन केले. अशा रुग्णांच्या हृदयाचा डावा निलय, म्हणजे शरीराला रक्त पाठवणारा खालचा डावा कप्पा, तितकाच रक्तदाब असलेल्या इतर रुग्णांच्या तुलनेत अधिक जाड असतो, असे पुढे आढळून आले. यावरून या संप्रेरकाचा परिणाम केवळ रक्तदाबाद्वारे होत नाही, असा तर्क करता येतो.

या तर्काला १९९० च्या दशकाच्या आरंभी ब्रिला आणि वेबर यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी पुष्टी दिली. अल्डोस्टेरॉन आणि भरपूर मीठ एकत्र दिलेल्या उंदरांत डाव्या निलयाबरोबर उजव्या निलयातही तंतुमयता आढळली. उजव्या निलयावर वाढीव रक्तदाबाचा भार नसतो. त्यामुळे ही तंतुमयता दाबामुळे निर्माण झालेली नाही, हे उघड होते. अल्डोस्टेरॉनला अटकाव करणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध रक्तदाब कमी न करणाऱ्या अल्प मात्रेत दिले तरीही तंतुमयता टळली. आहारात मीठ अत्यल्प असेल तर मात्र अल्डोस्टेरॉनची पातळी जास्त असूनही हृदयाला इजा होत नाही. संप्रेरक एकटे दोषी नसते, परिस्थितीचा त्याला हातभार लागतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

या ज्ञानाचा रुग्णांना झालेला लाभ १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ या वैद्यकीय चाचणीत दिसून आला. तीव्र स्वरूपाची हृदय-अकार्यक्षमता असलेल्या १६६३ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांबरोबर स्पायरोनोलॅक्टोन, तर उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. सुमारे दोन वर्षांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के, तर औषध घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के रुग्ण दगावले. मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाल्यामुळे ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली. २००३ साली एप्लेरेनोन या दुसऱ्या औषधाने हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांतही असाच लाभ दाखवला. अशा औषधांमुळे रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. म्हणून ती घेताना रक्ततपासणी करत राहणे अनिवार्य आहे.

४. कॉर्टिसोल : एक संप्रेरक, दोन ग्राही प्रथिने

कॉर्टिसोल हे ताणतणावाच्या प्रसंगी वाढणारे संप्रेरक होय. रक्तात त्याचे प्रमाण अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पटींनी अधिक असते. दोघांची ग्राही प्रथिने मिळतीजुळती असल्यामुळे कॉर्टिसोल हे अल्डोस्टेरॉनच्या ग्राही प्रथिनावरही घट्ट बसू शकते. असे असताना मूत्रपिंडात अल्डोस्टेरॉनला वाव कसा मिळतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता. १९८८ साली त्याचे उत्तर मिळाले. मूत्रपिंडाच्या संबंधित पेशींत एक विकर, म्हणजेच एन्झाइम, असते. ते कॉर्टिसोलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते आणि अल्डोस्टेरॉनसाठी जागा मोकळी ठेवते.

हृदयस्नायू पेशीत हे विकर अत्यल्प असते. त्यामुळे तेथे अल्डोस्टेरॉनचे ग्राही प्रथिन बहुतांश वेळ कॉर्टिसोलनेच व्यापलेले असते. उंदरांच्या हृदयस्नायू पेशींत हे विकर कृत्रिमरीत्या वाढवले असता काय घडते, याचा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. अंतर्गत कॉर्टिकोस्टेरॉइड बाजूला सारले जाऊन अल्डोस्टेरॉनला मार्ग मोकळा झाला आणि रक्तदाब न वाढताही त्या उंदरांत अतिवृद्धी, तंतुमयता व हृदयाची अकार्यक्षमता दिसून आली. म्हणजे निरोगी स्थितीत कॉर्टिसोलसारखे संप्रेरक जागा अडवून एक प्रकारे पहाराच देत असते.

कॉर्टिसोलच्या स्वतःच्या ग्राही प्रथिनाचे महत्त्वही असेच आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या केवळ हृदयस्नायू पेशींतून ते काढून टाकण्यात आले. त्या उंदरांत विकृतिजन्य अतिवृद्धी होऊन ते अकाली मरण पावले. याच गटाने २०१९ साली दोन्ही ग्राही प्रथिने एकाच वेळी काढून टाकली, तेव्हा मात्र हृदय बऱ्याच अंशी सुरक्षित राहिले. एक ग्राही प्रथिन संरक्षण करते आणि दुसरे त्याला विरोध करते. हृदयाचे आरोग्य या दोहोंच्या समतोलावर अवलंबून असते, असा याचा अर्थ होतो.

तथापि कॉर्टिसोलचे प्रमाण दीर्घकाळ अतिरिक्त राहिले तर चित्र बदलते. कुशिंग विकारात डाव्या निलयाची भिंत जाड होते आणि उपचारांनंतर ती काही अंशी पूर्ववत होते. मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांना फुप्फुसांच्या विकारासाठी डेक्सामेथासोन हे तत्सम औषध दिले असता काहींच्या हृदयाची भिंत तात्पुरती जाड झाल्याची नोंद आहे.

वेळेचे महत्त्व जन्माच्या सुमारास विशेष जाणवते. गर्भाच्या हृदयातील आकुंचन एककांची रचना परिपक्व होण्यासाठी हीच संप्रेरके आवश्यक असतात. परंतु परिपक्वतेचे मोल द्यावे लागते. नवजात उंदराच्या हृदयाचा काही भाग काढून टाकल्यास तो पुन्हा वाढतो. ही क्षमता जन्मानंतर सातव्या दिवसापर्यंत नाहीशी होते, असे २०११ साली दाखवून देण्यात आले. या काळात कॉर्टिसोलच्या ग्राही प्रथिनाची क्रिया पेशींच्या विभाजनाला आवर घालते आणि ती औषधाने रोखली असता उंदरांच्या हृदयस्नायू पेशींचे विभाजन वाढते, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. माणसासाठी यातून उपचार निर्माण होण्यास अद्याप अवकाश आहे.

५. टेस्टोस्टेरॉन : वाढ आणि बळ यांतील अंतर

तारुण्यापूर्वी मुलामुलींच्या डाव्या निलयाच्या वजनात फारसा फरक नसतो. तारुण्यात प्रवेश केल्यावर पुरुषांत ते अधिक वाढते. या फरकाला शरीराच्या आकारमानाबरोबर टेस्टोस्टेरॉनही कारणीभूत असते. हृदयस्नायू पेशींत टेस्टोस्टेरॉनचे ग्राही प्रथिन असून त्याद्वारे पेशींची थेट अतिवृद्धी होते, असे १९९८ साली मार्श व सहकाऱ्यांनी दाखवले. हे ग्राही प्रथिन नसलेल्या नर उंदरांची हृदये लहान राहतात, हे २००५ साली दिसून आले. नैसर्गिक मात्रेतील ही वाढ स्वाभाविक होय.

व्यायामशाळांतून स्नायू फुगवण्यासाठी घेतली जाणारी कृत्रिम स्टेरॉइडे मात्र नैसर्गिक पातळीच्या अनेक पटींनी अधिक मात्रेत आणि अनेकदा एकत्रितपणे घेतली जातात. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उचलण्याचा दीर्घकाळ सराव असलेल्या १४० पुरुषांची तपासणी करण्यात आली. त्यांतील ८६ जणांनी अशी स्टेरॉइडे वापरली होती, तर ५४ जणांनी वापरली नव्हती. डाव्या निलयात साठलेल्या रक्तापैकी किती हिस्सा प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकला जातो, हे मोजले असता न वापरणाऱ्यांत तो सरासरी ६३ टक्के आणि वापरणाऱ्यांत ५२ टक्के आढळला. तपासणीच्या वेळी स्टेरॉइडे घेत असलेल्यांत तो ४९ टक्के होता, तर त्या वेळी ती बंद असलेल्यांत ५८ टक्के होता. हृदयधमन्यांत साचलेल्या मेदमय थरांचे प्रमाणही वापरणाऱ्यांत अधिक होते. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्यामुळे कार्यकारणभाव त्यातून पूर्णतः सिद्ध होत नाही. परंतु दंडाचा स्नायू वाढत असताना हृदयाचा स्नायू दुबळा होत असू शकतो, हा इशारा त्यातून निश्चितपणे मिळतो.

६. इस्ट्रोजेन : संरक्षण आणि त्याच्या मर्यादा

इस्ट्रोजेनचा हृदयस्नायू पेशींवरील परिणाम बहुधा वाढीला आवर घालणारा असतो. महाधमनी बांधून हृदयावरील भार वाढवलेल्या मादी उंदरांना इस्ट्रोजेन दिले असता अतिवृद्धी कमी होते, असे २००१ साली आढळले. पेशीतील कॅल्शियम दीर्घकाळ वाढले की कॅल्सिन्युरिन हे विकर कार्यान्वित होते आणि वाढीच्या जनुकांना चालना देते. १९९८ साली उलगडलेल्या या मार्गाला इस्ट्रोजेन अटकाव करते, असे पेशींवरील प्रयोगांतून दिसते. १९९६ साली शोध लागलेल्या इस्ट्रोजेनच्या दुसऱ्या, म्हणजे बीटा, ग्राही प्रथिनाची भूमिका यात महत्त्वाची मानली जाते.

मात्र प्रयोगशाळेतील निष्कर्ष रुग्णापर्यंत सरळ पोहोचतातच असे नाही. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन दिल्यास स्त्रियांचे हृदय सुरक्षित राहील, अशी अपेक्षा दीर्घकाळ बाळगली जात होती. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनसदृश औषध देण्यात आले. हृदयधमनी विकाराचा धोका घटण्याऐवजी काहीसा वाढल्याचे आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढल्याचे दिसल्याने २००२ साली ही चाचणी थांबवावी लागली. यात मोजली गेली ती मुख्यतः धमन्यांच्या विकाराची परिणती, पेशींची अतिवृद्धी नव्हे. शिवाय सहभागी स्त्रियांपैकी बऱ्याच जणींची रजोनिवृत्ती होऊन अनेक वर्षे लोटली होती. येथेही मात्रा, मिश्रण आणि वेळ यांचाच प्रश्न पुढे येतो.

७. ‘स्टेरॉइड’ या शब्दाचा सामाजिक संदर्भ

आपल्याकडे बोलीव्यवहारात ‘स्टेरॉइड’ हा एकच शब्द परस्परभिन्न औषधांसाठी वापरला जातो. दम्याच्या रुग्णाला इन्हेलरमधून मिळणारे औषध कॉर्टिसोलच्या कुळातील असते, तर व्यायामशाळेत पुड्यांतून किंवा इंजेक्शनांतून मिळणारे द्रव्य टेस्टोस्टेरॉनच्या कुळातील असते. या गोंधळाचे दोन्ही बाजूंनी दुष्परिणाम होतात. दम्याचा रुग्ण ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून उपयुक्त औषध सोडून देतो. दीर्घकाळ गोळ्या घेणारा रुग्ण त्या एकाएकी बंद करतो आणि मंदावलेल्या अधिवृक्क ग्रंथींमुळे त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. दुसरीकडे तरुण ‘डॉक्टरही स्टेरॉइड देतातच की’ या समजुतीने चिठ्ठीविना मिळालेली द्रव्ये निर्धास्तपणे घेतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व एकाच कुळातील भावंडे असली तरी हृदयस्नायू पेशीत त्यांची दारे वेगळी असतात, हे महाविद्यालयीन स्तरावर विज्ञानाच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या तासांना आवर्जून सांगण्याची गरज आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्रौढ हृदयाची वाढ ही मुख्यतः अतिवृद्धी असते. म्हणून हृदय मोठे होणे हे बळाचे निश्चित लक्षण मानता येत नाही. दुसरी, स्टेरॉइड संप्रेरकांपैकी कोणतेही निरपवादपणे हितकर अथवा अहितकर नाही. अल्डोस्टेरॉनची हानी मिठाच्या संगतीने प्रकट होते, कॉर्टिसोल मर्यादेत राहून पहारा देते आणि मर्यादा ओलांडताच भिंत जाड करते, टेस्टोस्टेरॉन तारुण्यात हृदयाला घडवते आणि अतिरेकी मात्रेत दुबळे करते, तर इस्ट्रोजेनचे प्रयोगशाळेतील संरक्षण रुग्णांमध्ये तसेच्या तसे आढळत नाही. तिसरी, या संबंधांचे काटेकोर ज्ञान झाल्यानेच स्पायरोनोलॅक्टोनसारख्या जुन्या औषधाचा नवा उपयोग सापडून हृदयरुग्णांचे आयुष्य वाढले.

वर्षाकाठी जेमतेम शंभरातील एक पेशी नवी करू शकणाऱ्या या अवयवाबाबत प्रयोग करून पाहण्याची चैन कोणालाही परवडणारी नाही. आहारातील मीठ मर्यादित ठेवणे, रक्तदाब नियमित तपासणे आणि वैद्यकीय सल्ल्याविना कोणतेही स्टेरॉइड न घेणे अथवा न सोडणे, हे या शास्त्रीय विवेचनाचे व्यवहारातील सार होय.